तहानेचा ठेका

धाकट्यानं लिंबोणीच्या खोडात सुई खुपसली आणि थोरलीच्या दाढेतून कळ गेली.

काचेच्या व्हरांड्यातल्या पिंपात वाढलेली ही लिंबोणी आईनं लावलेली. बाप पट्टा काढायचा तेव्हा धाकटा ह्याच पिंपामागे लपायचा, आणि थोरली पुढे उभी राहून त्याच्या वाटचे फटके खायची. पाठीवरचे वळ कधीच गेले. चुरगळलेल्या पानांचा वास मात्र अजून नाकात होता. आता तोच धाकटा सिनेमांना संगीत द्यायचा, आणि एका मारामारीसाठी त्याला कुणी न ऐकलेला ठेका हवा होता.

"ताई, झाड तहानलं की आतून कटकट वाजतं. आपल्या कानांना ते कळत नाही, सुईला जोडलेलं हे यंत्र ते ऐकू येईल असं करून देतं. ऐक."

तिनं हेडफोन लावले. कुणीतरी सावकाश एकेक बोट मोडत असावं, तसा आवाज.

"पाणी दे तिला."

"आणि मग ठेका कोण देणार? तुझा बाप?"

"द्यायचा की. पट्ट्यानं."

तो हसला नाही. "पाण्याला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला.

थोरली कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. सकाळी तो आंघोळीला गेला की ती झारीभर पाणी पिंपात ओतायची, वर सुकी माती भुरभुरायची आणि साळसूदपणे कामाला निघायची. व्हायचं तेच झालं. झाड तृप्त, यंत्र मुकं. धाकट्याला वाटलं सुई नीट बसली नाही. त्यानं ती हातोडीनं आणखी आत ठोकली. तरी लिंबोणी गप्पच.

एका संध्याकाळी ती घरी आली तर फरशीवर फांद्यांचा खच. धाकट्याच्या हातात करवत, कानांवर हेडफोन, डोळे लालभडक.

"कापलं की बोलते गं! आता खोडच घेतो."

"थांब! पाणी मी घालत होते. म्हणून गप्प होती ती."

त्यानं बाजूची झारी उचलली. हात वर गेला. खांदा मागे, कोपर बाहेर. हुबेहूब बाप. पत्र्याची झारी तिच्या तोंडावर बसली, ओठ फाटला, ती पिंपावर आदळली. तिच्याकडे न बघता त्यानं डाव्या हातानं खोड धरलं आणि करवत चालवली.

पिशवीतली बेतायची कात्री हातात कधी आली, तिला कळलं नाही. तिनं ती त्याच्या डाव्या हातातून आरपार घातली, पार खोडात.

"आई गं!"

करवत खणकन पडली. रक्त सालीवरून ओघळत सुईपर्यंत आलं. हात खोडाला अडकलेला, तो गुडघ्यांवर बसला. लहानपणी बसायचा तसाच, पिंपाला चिकटून. चेहरा पांढराफटक. पण हेडफोन कानांवर होते, आणि तो ऐकत होता.

"ताई," तो कण्हला, "हे रेकॉर्ड झालं का बघ ना."

यंत्राचा लाल दिवा लागलेलाच होता.

थोरलीनं चेपलेली झारी नळाखाली भरून आणली. अर्धी यंत्रावर ओतली; ते चरचरलं आणि दिवा विझला. उरलेली पिंपात रिकामी केली. मग तोंडातलं रक्त थुंकून तिनं कात्रीला हात घातला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "खोडाला लागेल."