क्वाशची गेलेली जीभ

म्हातारे मालक टॉलिव्हर वारले आणि कॅरोलायनाच्या त्या भातमळ्यावर वाटणीचा दिवस ठरला. शेजारच्या मळ्यांचे मालक येणार, बैल आणि गुलाम माणसं यांचे दोन सारखे वाटे करणार, टोपीत चिठ्ठ्या टाकणार आणि दोघे मुलगे त्या उचलणार. थोरला अलाबामाला निघाला होता, धाकटा जॉर्जियाला. घर आणि घरची स्वयंपाकीण फिबी विधवा मालकिणीकडे राहणार होती. फिबीचा नवरा क्वाश मात्र वाटणीत होता. वाटणीत धरत नसत ती फक्त कामातून गेलेली माणसं. ती तिथंच मालकिणीच्या दारात पडून राहायची.

म्हणून फिबीनं ठरवलं, क्वाशनं कामातून जायचं.

"उद्या लंगडायचं, खोकायचं," मक्याची भाकरी उलटत ती म्हणाली. "काही विचारलं तर चुकायचं."

"मी चुकायचं? या नदीची भरती मला विचारून येते!"

"हो ना, आणि ओहोटी तुझी परवानगी काढून जाते. उद्या एक दिवस जाऊ दे तिला तिच्या मनानं."

"लोक हसतील, फिबे."

"मी इतकी वर्षं हसतेय, मेलास का?"

बढाई तशी खोटी नव्हती. बांधावरची उघाडी, म्हणजे पाण्याची दारं, क्वाशच्या हातात होती. भरतीबरोबर चढणारं नदीचं गोडं पाणी भातात घ्यायचं आणि समुद्राचा खार पोचायच्या आत दार पाडायचं. एक थेंब जिभेवर ठेवून तो खार ओळखायचा. त्याच जिभेनं रोज फिबीच्या कालवणात खोट काढायचा. आज मीठ जास्त, उद्या कमी.

दुसऱ्या दिवशी तो लंगडला बरा, खोकला त्याहून बरा. पण वाटे करायला आलेले शेजारच्या मळ्याचे लाल नाकाचे हॅस्कट मालक फसणारे नव्हते. त्यांनी नदीवरून भोपळ्याच्या डवल्यात पाणी मागवलं.

"चाख रे क्वाश. तुझ्या जिभेचं फार ऐकलंय."

फिबी व्हरांड्यात पाहुण्यांना डुकराचं मांस वाढत होती. तिचा हात थांबला. पाणी तोंडात जाताच क्वाशचा ओठ आक्रसला, तिनं पाहिलं. खार होता, चांगलाच होता. क्वाशची मान ताठ झाली. आता हा बोलणार, तिला वाटलं. गेलाच हा अलाबामाला.

क्वाशनं व्हरांड्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"गोडं आहे मालक. झऱ्याचं जणू."

धाकट्या मुलानं घोट घेतला आणि पचकन थुंकून टाकला. सगळे हसले. "असू द्या याला आईकडे," तो म्हणाला.

गाड्या निघाल्या त्या दिवशी मात्र फिबीनं कुणाची थट्टा केली नाही. तिच्या बहिणीची लेक थोरल्याच्या गाडीत होती. गाडी वळणाआड गेली तरी फिबी रस्त्यातच उभी होती. क्वाश तिच्या शेजारी, न लंगडता.

त्यानंतर तो फुगून बसला. कुणी पाण्याचं विचारलं की म्हणे, "मला काय कळतंय!" तिसऱ्या संध्याकाळी फिबीनं त्याच्यापुढं भात आणि चवळीचं कालवण ठेवलं. कालवणात मिठाचा एक खडाही घातला नव्हता.

"कसं झालंय?" तिनं विचारलं. "का जीभ खरंच गेली?"

क्वाशनं एक घास खाल्ला. तिच्याकडे पाहिलं. मग वाडगं पुसून पुसून संपवलं.

"मीठ अगदी बेताचं पडलंय," तो म्हणाला. "अजून वाढ."