नाथाची अक्कलदाढ

माजिवड्याच्या नाथाची उजवी अक्कलदाढ १९५१च्या चैत्रात ठणकू लागली, ती ऐन मीठ ओढायच्या दिवसांत. खाडीवरच्या मिठागरात नाथाचं काम ठरलेलं होतं. वाफ्यातला खडा उचलायचा, दाढेखाली फोडायचा आणि मीठ तयार झालं की नाही ते सांगायचं. त्यानं मान हलवल्याशिवाय कोणी फावड्याला हात लावत नसे.

ठाण्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून पाहिलं. "दाढ आडवी आहे, खाली पू झालाय. काढून टाका. मात्र आठ दिवस कडक काही चावायचं नाही."

"विचार करून सांगतो," म्हणून नाथा घरी आला.

दुखण्याची भीती त्याला नव्हती. ही दाढ उगवली त्याच वर्षी मुकादमानं त्याला पारखीचं काम दिलं होतं, आणि तेव्हापासून तो गालावर बोट ठेवून सांगत आला होता, सगळी पारख हिच्यात आहे.

"दाढ गेली की काम राघोला जानार," तो बायकोला म्हणाला. राघो त्याचा चुलतभाऊ. त्या जागेवर त्याचा डोळा होताच.

सगुणा भाकरी थापत होती. "म्हैना झाला, तुमी डाव्या बाजूनं जेवताव. खडा कंच्या बाजूनं फोडताव?"

नाथा चुलीतलं लाकूड पुढं सारू लागला.

"सांगा ना."

"डाव्याच."

"मंग म्हैन्याभरात एक तरी वाफा कच्चा निघाला?"

"नाय."

"मंग ती उजवी काय मुकादमाला दाखवाया ठेवलीव?"

नाथाचं बोट उजव्या गालावर गेलं. पण ज्यावरून तो मीठ ओळखायचा, तो खडा फुटताना कानात उमटणारा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, हे त्याला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढ काढून घेतली.

तिसऱ्या दिवशी जबड्याला फडकं बांधून तो मिठागरावर आला. त्यानं एक खडा राघोच्या तोंडात दिला आणि आपला कान त्याच्या गालाला लावला. माणसं हसू लागली.

राघोनं खडा फोडला. "तयार हाय."

नाथानं नकारार्थी मान हलवली. मुकादमानं फावडी खाली ठेवायला लावली. उन्हं डोक्यावर आल्यावर राघोनं त्याच वाफ्यातला दुसरा खडा फोडला. कट्‌. या वेळी नाथाची मान होकारार्थी हलली आणि फावडी उठली.

"म्हंजी चावायचं मी, आन् पारखी तू?" राघो म्हणाला.

नाथाला बोलता येत नव्हतं. त्यानं पुढच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.