पुसून बघा

"हलू नका हो सर, डाग सरकेल!" असं म्हणत थोरलीनं हेडमास्तरांना रिक्षातून उतरवलं आणि थेट डॉक्टरांच्या पुढ्यात नेऊन बसवलं. दार मात्र उघडंच ठेवलं. बाहेरच्या बाकावरच्यांनाही दिसायला हवं ना!

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घर एक, चूल एक आणि नोकरीही एकाच दवाखान्यात, आरोग्यसेविकेची. त्वचेच्या कॅन्सरची मोहीम निघाली तेव्हा दोघींना सारखंच शिकवलं होतं. वाढता तीळ, वेडावाकडा डाग, न भरणारी जखम दिसली की माणूस घेऊन यायचं. धाकटीनं लगेच पोस्टमनच्या कानामागची जखम हेरली. कॅन्सरच निघाला. वेळेत कापला आणि पोस्टमन पुन्हा सायकलवर बसला. धाकटीचा फोटो भिंतीवर लागला, तोही वजनकाट्याच्या बरोब्बर वर. वजन करायला आलेला माणूस आधी धाकटीला बघायचा, मग काट्याला.

थोरलीचा जळफळाट झाला. तिनं दूधवाल्याला भर रस्त्यात शर्ट काढायला लावला. न्हाव्याच्या दुकानात शिरून गिऱ्हाइकांच्या टकलांवर भिंग फिरवलं. नवरा कुरकुरला, "अगं, माझ्या पाठीवरचा तीळ कालच बघितलास की!"

"रात्रीत वाढला असेल तर?" तिच्या आवाजात चक्क आशा होती.

आणि आज हे हेडमास्तर! कपाळाच्या कडेला काळाकुट्ट डाग!

डॉक्टरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकदाच फिरवला. डाग बोळ्यावर आला. हेडमास्तर छताकडे बघू लागले.

"कलप आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी पुसून बघायचं, बाई. शिकवलं होतं ना?"

अख्खा बाक हसला. सगळ्यात मोठ्यानं धाकटी.

संध्याकाळी घरीही तेच. धाकटी खाटेवर पालथी पडून पाय हलवत होती. "ताई, उद्या आपला तवा नेऊ या का दाखवायला? बुडाला केवढा काळा डाग आहे!"

थोरली फणकाऱ्यानं वळली आणि थबकली. धाकटीच्या टाचेवर नाण्याएवढा डाग होता. कडा फाटलेल्या, एका बाजूला जास्तच काळा.

सापडला! क्षणभर तिला भिंतीवर स्वतःचा फोटो दिसलासुद्धा, धाकटीच्या फोटोहून मोठा.

"हे कधीपासून गं?"

"काय? टाचेला? डांबर असेल. रस्त्याचं काम चाललंय ना."

"पाय इकडे कर."

"आता मी का? हेडमास्तर पुरले नाहीत?"

थोरलीनं पिशवीतून स्पिरिट काढलं. बोळा फिरवला. मग दाबून फिरवला. मग टाच घट्ट धरून घासला.

"अहो ताई, गुदगुल्या होतात! निघालं का?"

थोरलीनं बोळा उलटून पाहिला. पांढराशुभ्र होता.

"निघतंय," ती म्हणाली आणि तिनं नवा बोळा घेतला.