पाहुणी म्हणून राहिलेली भाची

फ्रिजच्या मागे वॉकर.

पलंगाखाली सूटकेस. आत गाऊन, कंगवा, चार्जर आणि अर्धवट वाचलेली कादंबरी.

साखरेच्या डब्यात गोळ्यांची पाकिटं.

बाल्कनीत घडीची खाट, तिच्यावर ओली चादर. आता ती खाट वाटत नाही, वाळत घातलेलं धुणं वाटतं.

आत्याच्या ओठांवर लिपस्टिक. भाचीची.

आणि दारावर टकटक.

झालं होतं असं. घर भाड्याचं, गृहनिर्माण मंडळाचं, आत्याच्या नावावर. मंडळाचा नियम सरळ आहे: म्हाताऱ्या भाडेकरूची देखभाल करणारा नातेवाईक त्याच घरात राहत असेल, तर भाडेकरूच्या माघारीही घर त्याच्याकडेच राहतं. भाचीने अर्ज केला. मंडळ म्हणालं, बघायला येतो. सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाताना भाची सांगून गेली, "आज साहेब येणार आहेत. घराकडे जरा बघ."

आत्याने बघितलं. रखवालदाराला वर बोलावून, चहा पाजून, दिसायला नको ते सगळं त्याच्याकडून लपवून घेतलं. साहेब येतात ते म्हाताऱ्यांना उचलून आश्रमात टाकायला, अशी तिची पक्की समजूत. काल रात्री भाचीने नियम समजावला तेव्हा ती मान डोलवत होती. कानातलं यंत्र मात्र टेबलावर होतं.

भाची दुकानातून धावत आली. तिला जिन्यातच मंडळाचा तपासनीस भेटला. दोघं एकदमच आत शिरली.

घर लखलखीत होतं. भाचीची एकही वस्तू दिसत नव्हती.

"आजी, एकट्याच राहता?"

"मग! ठणठणीत आहे मी." आत्या भिंतीला धरून चालून दाखवू लागली. "स्वयंपाक मी, धुणी मी."

"आणि या?"

"ही? पाहुणी आहे हो. येते, जाते."

"आत्या, अगं!"

"चहा टाक साहेबांना. पाहुण्यांनीही कधी हात हलवावेत."

तपासनीसाने बाथरूममध्ये डोकावलं. ब्रश एक, टॉवेल एक. पलंग एक. त्याने ओठ मुडपले. भाचीने साखरेचा डबा उघडला.

"आत्या! गोळ्या साखरेत?"

"हळू बोल!"

"सकाळची घेतलीस?"

"सापडली असती तर घेतली असती!"

"लपवल्यास तूच ना?"

"मग? रात्रभर ढाराढूर घोरतेस, तुला काय विचारायचं?"

"मी घोरते? घोरायला झोप लागते, आत्या! तू झोपू देतेस? पाणी दे, पाय दाब, खिडकी लाव, खिडकी उघड!"

"आणि बाथरूमचा दिवा? रात्रभर जळतो!"

"तू धडपडू नयेस म्हणून!"

"मी धडपडते? मी?" आत्या भिंत सोडून तरातरा पुढे आली. तरातरा चालायचं वय केव्हाच उलटलं होतं. गुडघे वाकले.

भाचीने भांडण थांबवलं नाही. "हो, तूच!" म्हणता म्हणता तिने पायाने खुर्ची मागून सरकवली आणि एक हात आत्याच्या काखेत घातला. आत्यानेही मागे वळून बघितलं नाही. खुर्ची तिथे असणारच, अशा थाटात बसली आणि म्हणाली, "तोंड सांभाळून बोल."

तपासनीस दारातच थांबला होता. चहा कोणी टाकलाच नव्हता.

"माझी आई बसायच्या आधी तीनदा मागे बघते," तो म्हणाला. "मी शेजारी उभा असतो, तरी." मग भाचीकडे वळला. "झोपता कुठे तुम्ही?"

भाचीने आत्याकडे बघितलं. आत्याने छताकडे.

"साहेब," आत्या हळूच म्हणाली, "मला न्यायला नाही ना आलात?"

"नाही, आजी. यांना राहू द्यायचं का, ते बघायला आलोय."

"मग आधी बोलायचं नाही का! खाट बाल्कनीत आहे. जड आहे, आत तुम्हीच आणा. आणि येताना फ्रिजमागचा वॉकरही."

त्याने दोन्ही आणलं. वर पलंगाखालून सूटकेसही ओढून काढली.

भाची या घरात पहिल्यांदा आली होती ती दुकानातून आत्याचा दुरुस्त झालेला चष्मा पोचवायला. तोवर दोघी एकमेकींच्या कोणीच नव्हत्या.