सहा कडवी

सुगीच्या रविवारी सकाळी सहा वाजता इसिल्डाने खुंटीवरचा निळा एनॅमलचा मग काढला, हातात धरला आणि चमचा न वाजवताच परत टांगला. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

स्टोनी गॅपच्या बॅप्टिस्ट मंडळीत बाजा नव्हता. एक होता, तो देवळाचं छप्पर वादळात उडालं तेव्हा भिजला, आणि उरलेला वाळवीने संपवला. तेव्हापासून तिथे गाणं उचलावं लागायचं. एकाने पहिली ओळ एकट्याने धरायची, मग दीडशे गळे मागोमाग यायचे. तो जी पट्टी धरेल ती सगळ्यांची. कुणी एकटं गाणार असलं तरी पहिली ओळ उचलणाऱ्याचीच. हे काम इसिल्डाचं होतं. सकाळी मगवर चमचा मारायचा, तो सूर डोक्यात धरून टेकडी चढायची आणि अकरा वाजता तोच सूर बाहेर काढायचा. मगचा सूर सगळ्यांना झेपायचा, अगदी ऐंशी वर्षांच्या मिस टिनीलासुद्धा.

आज तिने आटवलेल्या दुधाचा रिकामा डबा ओट्यावर पालथा घातला आणि त्यावर चमचा मारला. मगपेक्षा हा सूर बरोबर तीन स्वर वर होता. बुधवारीच तिने ते तपासून ठेवलं होतं.

"ममा, तो मग नाहीये." डेलरोझ दारात उभी होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी.

"काय आहे ते मला दिसतंय."

"आज पर्लीन आंटी एकटी गाणार आहे ना?"

"केळी उकडलीत. मासे घे. पोरीला भरव आधी."

डेलरोझने डब्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ताटली घेतली. ती काल संध्याकाळी मे पेन शहरातून आली होती. देवळात ती दोन वर्षांनी जाणार होती, आणि तेही आईने तीन पत्रं लिहिली म्हणून.

पर्लीन शेजारीण. दोघींच्या परसात एकच कुंपण, आणि त्या कुंपणावरून गेली तीस वर्षं मीठ, विस्तव, ब्रेडफ्रूट, पोटदुखीचा पाला असं सगळं इकडून तिकडे गेलेलं. डेलरोझ महिन्याची असताना मंडळीपुढे देवाला अर्पण केली, तेव्हा तिला हातांवर धरून उभी राहिली होती ती पर्लीनच. 'हिच्यावर माझी नजर राहील,' असं तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती.

ती नजर राहिली. डेलरोझ एकोणीस वर्षांची असताना तिच्या पोटाचा घेर सगळ्यांत आधी पर्लीनच्याच लक्षात आला. तिने कुंपणाशी येऊन इसिल्डाला विचारलं नाही. मार्चमधल्या सभासदांच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा असावा, एवढंच माझं म्हणणं आहे." नियम असा होता की लग्नाआधी पोट आलेल्या मुलीने मागच्या बाकावर बसायचं, गायचं नाही, आणि बाळ झाल्यावर पुढे येऊन सगळ्यांची क्षमा मागायची. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या डीकन ऑस्बर्नने ते वहीत लिहून घेतलं. डेलरोझ पाच महिने मागच्या बाकावर ओठ मिटून बसली. बाळ झालं, पण क्षमा मागायला ती पुढे गेली नाही. मे पेनला निघून गेली.

तोवर सुगीच्या रविवारचं एकटीने म्हणायचं गाणं डेलरोझचं होतं. त्या वर्षापासून ते पर्लीनला मिळालं. आधी बारा वर्षं पर्लीन दुसऱ्या आवाजात गायची. इसिल्डाला बाकी काही विसरता आलं असतं. हे नाही.

देवळात वेदीपुढे यामचे कंद, ऊस, भोपळे, केळीचे घड मांडले होते. डेलरोझ मुलीला घेऊन सरळ मागच्या बाकाकडे गेली. मिस टिनी वळून तिला मोठ्याने म्हणाली, "आलीस का गं शेवटी! किती वाळलीस! मे पेनला जेवायला देत नाहीत वाटतं?" दोनचार जणी हसल्या. डीकन ऑस्बर्नने घसा साफ केला.

पर्लीन पुढे आली. नवा पांढरा झगा, पांढरी हॅट. तिने इसिल्डाकडे पाहून मान हलवली, दर वर्षीसारखी.

इसिल्डा उठली आणि तिने डब्याच्या सुरात पहिली ओळ म्हटली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी खालीच फिरतात, शेतात बी पेरल्याच्या. तिसऱ्या ओळीपासून गाणं चढतं आणि 'हे तुझंच, प्रभू' या शब्दांवर जाऊन उभं राहतं. म्हणूनच इसिल्डाने सूर चढवायला हे गाणं निवडलं होतं. पर्लीनने तीच पहिली ओळ मागोमाग छान घेतली. दुसऱ्या ओळीत तिची भुवई हलली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तिने इसिल्डाकडे पाहिलं, आणि तिला समजलं. पण दीडशे माणसांसमोर गाणं थांबवून पुन्हा खालून सुरू करणं तिला शक्य नव्हतं. ती चढत गेली. 'तुझंच'वर तिचा आवाज फाटला. कोंबडीच्या मानेवर पाय पडावा तसा काहीतरी आवाज झाला आणि पुढे काहीच आलं नाही.

इसिल्डा खाली बसली. पदरात हवं ते पडलं होतं. आता कुजबुज होईल, कुणीतरी खोकेल, गायकवृंदातल्या पोरी एकमेकींना कोपर मारतील. अडीच वर्षं तिने हे मनात पाहिलं होतं.

"रडतेय ती!" मिस टिनी काठी आपटत उठली. "प्रभूने हात ठेवला तिच्यावर! बघता काय? सावरा तिला!"

आणि मंडळी उठली. ज्याला जिथे जमेल तिथे, कुणी खाली, कुणी मधे, सगळ्यांनी ती ओळ उचलून धरली. गाता गाता बायका रडू लागल्या. दोघीजणी पुढे जाऊन पर्लीनला दोन्ही बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. पाळकांनी चष्मा काढून डोळे पुसले. 'हे तुझंच' त्यांनी चार वेळा म्हटलं. स्टोनी गॅपमध्ये इतकं गाणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"असा आवाज फुटायला मन आधी फुटावं लागतं," पाळक प्रवचनात म्हणाले. पर्लीन मान खाली घालून ऐकत होती. इसिल्डाला आपलेच दात एकमेकांवर घासताना ऐकू येत होते. तिने पाडायला ढकललं होतं, आणि लोकांनी पर्लीनला खांद्यावर घेतलं होतं.

शेवटचं गाणं आलं. डीकनने क्रमांक सांगितला. सगळे उभे राहिले आणि थांबले.

इसिल्डाने तोंड उघडलं नाही.

"सिस्टर इसिल्डा?"

"गळा बसलाय, डीकन."

"आत्ता तर बरा होता."

"आत्ता बसला."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. डीकनने इकडेतिकडे पाहिलं. "मग सिस्टर पर्लीन, तुम्ही उचला. आज देवाने तुमचाच आवाज निवडलाय."

पर्लीनने तोंड उघडलं. खरखर आली, सूर आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा खरखर. तो गळा आता दोन दिवस तरी उघडणार नव्हता, हे इसिल्डाला माहीत होतं. एक लहान मूल काहीतरी बोललं आणि त्याला गप्प केलं गेलं.

तेव्हा मागच्या बाकावरून सूर आला.

मगचा सूर. इसिल्डाने तो मान न वळवता ओळखला, सकाळी न वाजवलेला, तंतोतंत तिथेच धरलेला. डेलरोझने पहिली ओळ पूर्ण म्हटली, एकटीने, कडेवर मुलगी घेऊन. डीकनने हात वर केला, मागच्या बाकाला गायची मनाई आहे हे त्याला आठवलं असणार. पण मंडळीला सवय होती. सूर आला की मागे जायचं. दुसऱ्या ओळीला दीडशे गळे डेलरोझच्या मागे होते, आणि डीकनचा वर केलेला हात तसाच ताल धरू लागला.

इसिल्डा आता पर्लीनकडे पाहत होती. पर्लीनचे ओठ हलले. मग तोंड उघडलं. खालच्या पट्टीत तिच्या फाटक्या गळ्यातूनही शब्द येत होते. जिला तिने गप्प बसवलं तिच्याच मागे ती एकेक ओळ म्हणत होती. त्या गाण्याला सहा कडवी आहेत. पाळक एरवी दोन गाळतात. आज डेलरोझने एकही गाळलं नाही.

उपासना सुटल्यावर दारातल्या गर्दीत पर्लीन इसिल्डाजवळ आली. हॅट हातात घेतलेली. आवाज अगदी बारीक.

"तीन स्वर वर होतं, इसी."

"तीन. मोजून."

"सगळ्यांसमोर."

"डेलरोझला गप्प बसवलंस ते काय घरात?"

पर्लीनने काहीतरी बोलण्यासाठी श्वास घेतला, पण इसिल्डा पायऱ्या उतरून पुढे गेली. काही ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. क्षमा मागितली असती तर तीही नको होती.

उतारावर डेलरोझने तिला गाठलं. मुलगी खांद्यावर झोपली होती.

"सहाच्या सहा कडवी म्हणाली ती तुझ्यामागे," इसिल्डा म्हणाली. "तोंड वासून. मी एक शब्द नजरेआड होऊ दिला नाही."

"पाहिलं मी. तू एकही म्हटलं नाहीस."

"बघत होते ना."

"म्हणूनच मला उचलावं लागलं. कुणीच नव्हतं." थोडं चालून ती म्हणाली, "एवढ्या खाली मी तिच्यासाठी नाही धरलं. मिस टिनीसाठी धरलं."

"ते बरं केलंस सांगितलंस. मला राग यायला लागला होता."

घरी आल्यावर डेलरोझने मुलीला निजवलं आणि ओटा आवरायला घेतला. दुधाचा डबा अजून पालथाच होता. तिने तो उचलून कचऱ्याच्या टोपलीवर धरला.

"टाकू?"

इसिल्डा पायांतले बूट काढत होती. कुंपणापलीकडे पर्लीनच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"राहू दे," इसिल्डा म्हणाली. "नाताळला डीकन एकटा गातो."