भिवा ऑफ झाला

इंग्रजी शब्दांचं आपल्याकडे काय होतं, ते एकदा बघाच. येतात ते साहेबाच्या ऐटीत, आणि वर्ष-दोन वर्षांत आपल्यातलेच होऊन ओट्यावर बसून तंबाखू मळायला लागतात. ‘ऑफ’ घ्या. सत्तर-बहात्तरच्या सुमारास पिंपरीच्या कारखान्यांत या एका शब्दावर अर्धा कारभार चालायचा. मशीन बंद केलं, ऑफ. रंगाची छटा जुळली नाही, माल ऑफ. सुपरवायझर घरून भांडून आला की त्याचं डोकं ऑफ, त्या दिवशी सगळ्यांनी गपगुमान राहायचं. आठवड्याची सुट्टी तर ऑफच. त्या पट्ट्यात कारखान्यांची वीज गुरुवारी बंद, म्हणून सगळ्या जगाचा रविवार तिथं गुरुवारी यायचा. आणि एखादा माणूस गेला, तर तोही ऑफ झाला.

हा शेवटचा अर्थ विलायतेत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. आपल्या लोकांनीच तो इथं चहाच्या टपरीवर स्वतःच्या सोयीनं काढला. ‘मेला’ म्हणवत नाही, ‘वारला’ म्हणायलाही जीभ वळत नाही. ऑफ म्हटलं की बटण दाबल्यासारखं पटकन सुटता येतं. भित्र्या माणसाचा शब्द, दुसरं काय.

रंगराव असाच भित्रा निघाला. अंगानं आडदांड गडी, फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडापुढं उभा राहताना डोळ्याची पापणी हलायची नाही त्याची. पण त्या गुरुवारी पुण्याहून येणाऱ्या बसमध्ये तो खिडकीशी अंग चोरून बसला होता आणि दापोडी मागं पडली, कासारवाडी मागं पडली, तरी भिवाच्या बायकोला, सोजरबाईला, काय सांगायचं ते काही त्याला जुळत नव्हतं.

भिवा आणि रंगराव एकाच भट्टीवर कामाला. भिवा करमाळ्याकडचा, रंगराव खटावचा. पिंपरीतच खराळवाडीत दोघांच्या खोल्या एकाच चाळीत. भिवाच्या खोलीत बुद्धाची तसबीर, रंगरावाच्या खोलीत जोतिबाची, आणि दोघांच्या डब्यातलं कोरड्यास मात्र रोज एकमेकांच्या ताटात. भिवाला कावीळ झाली, ती उतरेना, म्हणून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवला होता. मधे बरा वाटत होता. मंगळवारी सोजरबाई भेटून आली तेव्हा त्यानं पेज खाल्ली होती, डॉक्टरही सोडायचं बोलला होता. तेव्हापासून ती बाई निरोपाची वाट बघत दारात डोळे लावून होती. आणि गुरुवारी सकाळी, रंगराव उशाशी बसलेला असताना, भिवा गेला. बोलता बोलता गेला म्हणा ना. जयसिंग आणि खंडू हे दोघे भट्टीवरचेच, ते तिथले सोपस्कार करायला थांबले. टेम्पो ठरला. तू पुढं जा, वहिनीला नि म्हातारीला सांगून ठेव, असं त्यांनी रंगरावाला पिटाळलं. टेम्पो दारात यायच्या आत एवढं एक वाक्य बोलायचं होतं त्याला. अवघं एक.

चाळीत गुरुवारचा गलका चालला होता. कुणी सायकल धूत होतं, कुणी पोराचे केस कापत होतं. भिवाची आई, तानुबाई, उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. तिला ओलांडून रंगराव आत गेला. सोजरबाई भांडी मांडणीवर लावत होती. वळून बघितलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तोंडाकडं बघत राहिली.

“वैनी,” रंगराव म्हणाला, “भिवा ऑफ झाला.”

झालं. वाक्य बोलला, सुटला असं त्याला वाटलं. आता बाई हंबरडा फोडणार, म्हणून त्यानं मान खाली घातली. पण काहीच ऐकू येईना, तेव्हा वर बघितलं तर सोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

तिचंही काय चुकलं? तिला इंग्रजी म्हणून हा एवढाच शब्द येत होता, आणि त्याचा एवढाच अर्थ. आफ म्हणजे गुरुवार. आफ म्हणजे मालक घरी. त्या दिवशी डोक्याला तेल, कढत पाणी, दुपारी दार पुढं करून झोप. चाळीतल्या बाया एकमेकींना नळावर सांगायच्या, आज आमच्यात आफ हाय बाई, आणि त्या सांगण्यात थोडा तोराही असायचा. दवाखान्यानं आपल्या माणसाला सुट्टी दिली, असंच तिनं धरलं. तिनं तिथूनच सासूला हाक मारून सांगितलं की तुमचं लेकरू आफ झालं, घरी येतंय. म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवून भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडले.

आता मात्र रंगरावाच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हाच बोलायचं की नाही? तोंडाशी आलेला शब्द तो गिळत राहिला आणि इकडं सोजरबाईच्या अंगात वारं शिरलं. तिनं अंथरूण झटकलं, भिवाचा धुतलेला सदरा काढून दोरीवर टाकला, शेजारणीकडून लिंबू मागून आणलं, येता येता दोघी-तिघींना सांगूनही आली. बाहेर एक-दोन पुरुष माणसं, कारखान्यातलीच, तिचं ते ‘आफ झाले’ ऐकून जागच्या जागी थबकली आणि रंगरावाकडं बघायला लागली. त्यानं नजर फिरवली. त्या पुरुषांना कळलं होतं. एवढ्या चाळीत ज्यांना कळायला हवं त्या दोघींनाच कळलं नव्हतं.

सोजरबाईनं स्टोव्हला पंप मारला. “भाऊजी,” ती म्हणाली, “काविळीवर भाकरी चालंल का वो? का भातच टाकू?”

“भात टाका,” रंगराव म्हणाला.

का म्हणाला असं? देवालाच ठाऊक. विचारलं म्हणून उत्तर दिलं त्यानं. पण ती खरंच तांदूळ काढायला वाकली, पसा भरून घेतला, मग थोडे अजून घेतले, आजारातनं उठलेल्याला भूक जास्त लागते असं स्वतःशीच म्हणाली, आणि ते बघून रंगरावाला स्वतःची अशी किळस आली की बस. लोखंड ओतताना न भाजलेला माणूस तिथं त्या चार हात खोलीत होरपळून निघाला.

“वैनी, भात नको.”

“मग काय करू?”

“काय नको. त्याला आता काय लागायचं न्हाई.”

तिची पसा भरलेली ओंजळ तशीच राहिली. “तुमीच म्हणला न्हवं, आफ झाले म्हणून?”

“व्हय. कंपनीत म्हणत्यात तसं.”

“कुणाला म्हणत्यात?”

रंगरावानं तिच्याकडं बघितलं. या खेपेला नजर चुकवली नाही, तेवढं तरी केलं त्यानं. “मेलेल्या माणसाला,” तो आवाज दाबून म्हणाला. “भिवा मेला, वैनी. सकाळी मेला. माझ्यासमोर मेला.”

सोजरबाईनं ओंजळीतले तांदूळ डब्यात परत ओतले. एकही दाणा सांडला नाही. स्टोव्हची हवा सोडली. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली, आवाज न करता, कारण उंबऱ्यात म्हातारी होती. रंगराव उभाच. पदर तोंडातनं काढून ती म्हणाली, मला तुम्ही चांगलं एक घटका हसवलंत भाऊजी. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

टेम्पो निघाला असेल, येईलच, असं त्यानं सांगितलं. म्हातारीला मी सांगतो, असंही म्हणाला. खरंच उंबऱ्याकडं एक पाऊल टाकलं त्यानं.

“नगा,” सोजरबाई म्हणाली. “तुमी परत कंपनीतलं कायतरी बोलाल.”

ती उठली. तोंड पुसलं आणि सासूशेजारी जाऊन बसली. तानुबाईनं तोवर डोक्यावरचा पदर नीट करून घेतला होता. तिनं सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाली, आफ झालाय खरा, पण अशक्तपणा असंल, बसनं कसा यायचा गं? कुणी रिक्षा केलीया का? का कंपनीची मोटार हाय? बसवंल का त्याला एवढा वेळ?

“बसून येत न्हाईत, आत्याबाई,” सोजरबाई म्हणाली. “चौघं उचलून आणत्यात.”

म्हातारी सुनेकडं बघत राहिली. या शब्दांना दुसरा अर्थ नसतो, तो करमाळ्यातही नसतो आणि पिंपरीतही नसतो. मग तिनं दोन्ही हात टेकून उठायचा प्रयत्न केला, तो जमेना.

“मला धर,” ती म्हणाली. “दारातनं बाजूला घे. त्याला आत आणायला वाट नको व्हय?”

सोजरबाईनं तिला काखेत धरून उठवलं, आणि उठता उठता त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागल्या. रंगराव तोंडावर टॉवेल दाबून बाहेर पडला आणि टेम्पो वळेल त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला.