फॉर्मच्या तळाची फुली

सिल्वासाच्या पोस्टात परदेशी पार्सलांच्या खिडकीवर दत्तात्रय बसायचा. नियम त्याला आरत्यांसारखे पाठ होते. पार्सलावरच्या मांजरपाटाची शिवण सलग एकाच रंगाच्या दोऱ्याची हवी, शिवणीवर वीत-वीत अंतराने लाखेचा ठसा हवा, आत काय आहे ते फॉर्मवर खरं लिहिलेलं हवं. एक टाका सैल दिसला तरी तो ते पार्सल बाहेर ओट्यावर पार्सलं शिवत बसणाऱ्या झिपरूकडे पाठवी, आणि झिपरू मुकाट्याने उसवून पुन्हा शिवी. लोक दत्तात्रयला खडूस म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

एकाच बाबतीत तो मऊ होता. फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन असत. पार्सल दिलं गेलं नाही, तर पाठवणाऱ्याकडे परत करावं, की तिथंच सोडून द्यावं? परत आलेल्याचं भाडं पाठवणाऱ्याच्याच बोकांडी बसे. कारखान्यातला एक फिटर ते ऐकून खिडकीपाशीच रडला होता. तेव्हापासून दत्तात्रय कुणाला न विचारताच 'सोडून द्यावं'वर फुली मारायचा आणि मनातल्या मनात पुण्य जमा करायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये शाळेतल्या विजयाबाईंनी बहारीनला असलेल्या मुलाच्या नावे पार्सल आणलं. दोन शर्ट, एक पंचा आणि मेतकुटाचा डबा.

"पूड चालणार नाही, बाई. कस्टमवाले सगळंच फोडून बसतात."

बाईंनी डबा काढून पिशवीत टाकला. "पोचपावतीवर त्याचीच सही येईल ना?"

"रजिस्टर आहे. त्याचीच."

मग दर शनिवारी शाळा सुटली की बाई खिडकीशी येऊ लागल्या. पोच आली नाही. सप्टेंबरात एकदा रांग संपेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या आणि मग बोलल्या.

"चिन्मयचे वडील गेले, तेव्हा तो आला नाही. मी रागाच्या भरात लिहिलं, तू आम्हाला मेलास. त्यानंतर त्याची एक ओळ नाही. शर्टांचं मला काही नाही हो, दत्तात्रय. सही दिसली असती तर तो आहे, एवढं कळलं असतं. माझी जीभच काळी. आता पार्सल तरी परत येईल ना?"

दत्तात्रयने फॉर्मची स्थळप्रत काढली. तळाशी त्याच्याच हातची फुली होती. गहाळ झालं असेल, असं म्हणून हात झटकता आले असते, आणि क्षणभर ते त्याच्या ओठांवर आलंही. पण बाई समोर बसल्या होत्या. त्याने खरं ते सांगितलं.

"मला विचारलं का नाहीत?" बाई एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

चार दिवसांत बाईंनी दुसरं पार्सल आणलं. झिपरूने शिवलं, दत्तात्रयने लाख लावली. 'परत करावं'वरची फुली बाईंनी स्वतः मारली, इतकी दाबून की कागद फाटला. फाटका फॉर्म चालत नाही, पण दत्तात्रयने तो घेतला.

फेब्रुवारीत पार्सल परत आलं. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीची कारणं परदेशी टपालाच्या रीतीप्रमाणे फ्रेंचमध्ये छापलेली होती, पण कुठल्या ओळीला काय म्हणायचं हे दत्तात्रयला ठाऊक होतं. 'मयत'च्या ओळीची त्याने पाच महिने धास्ती घेतली होती. फुली तिथं नव्हती.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"घेणाऱ्याने नाकारलं."

"म्हणजे त्याच्यासमोर नेलं होतं?"

"हो. त्यालाच विचारलं असणार. रजिस्टर दुसऱ्याला दाखवतही नाहीत."

बाईंनी पार्सल मांडीवर घेतलं. शिवणीवरून बोट फिरवलं. एकही टाका उसवलेला नव्हता, एकही ठसा फुटलेला नव्हता. 'मयत' सांगणं याहून सोपं गेलं असतं, असं दत्तात्रयच्या मनात आलं, आणि तसं आल्याची त्याला लाज वाटली.

बाई उठल्या. "नवा फॉर्म द्या."

"बाई, तो पार्सल घ्यायचा नाही."

"न घेऊ दे. दर सहा महिन्यांनी पाठवत जाईन. तो नको म्हणतोय, तोवर तो आहे."